फाटकावरचा पहारेकरी

पत्त्यांच्या एका खेळात दर काही महिन्यांनी नवा सेट निघतो. बाजारात येण्याआधी कंपनी त्यातली कार्डं काही निवडक माणसांना दाखवते, आणि ती माणसं मग जगाला सांगतात की कुठलं कार्ड घेण्यासारखं आणि कुठलं नुसतं शोभेचं. अशा निवडक माणसांत एक बहीण-भाऊ होते. बहीण दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. भाऊ तिच्याहून बराच धाकटा, गोदामात पार्सलांची लावालावी करायचा. संध्याकाळी घरी आलं की जेवणाचं टेबल पुसायचं, मधोमध माईक ठेवायचा आणि एकेक कार्ड वाचून त्यावर भांडायचं, असा त्यांचा उद्योग. भांडून झालं की दहापैकी गुण द्यायचे. कार्यक्रमाचं नाव ‘पारख’.

ऐकणारे भावाला ‘काटा’ म्हणत. तराजूच्या काट्यासारखा तो कुणाकडे कलायचा नाही म्हणून. कंपनीचं सगळ्यात लाडकं, सोनेरी कडेचं कार्डसुद्धा तो तीन गुणांवर सोडून द्यायचा आणि वर म्हणायचा, “कपडे छान घातलेत, पण कामाला पाठवाल तर जेवून झोपेल.” बहिणीला तो ताई म्हणायचा, म्हणून मग ऐकणारेही सगळे तिला ताईच म्हणू लागले. त्यात तिच्या बापाच्या वयाची माणसंही होती.

काट्याची पारखायची रीत साधी होती. कार्ड किती जोरदार आहे हे तर तो बघायचाच, पण शेवटी एक प्रश्न हमखास विचारायचा. “हे माझ्या हातात असेल तेव्हा मला मजा येईल, कबूल. समोरच्याच्या हातात असेल तेव्हा मी काय करू?” समोरच्याला काही करायलाच उरत नाही, अशा कार्डांचा त्याला मनापासून तिटकारा होता. ताईला तेवढा नव्हता. जिंकणं तिला आवडायचं.

घरात तिसरे बाबा. आई ही दोघं लहान असतानाच गेली होती. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यावरही कुठल्याही इमारतीत शिरले की लिफ्टच्या आवाजाला कान लावून “गाइड घासतोय” असं काहीतरी पुटपुटायचे. मुलांचा पत्त्यांचा नाद त्यांना कधी पटला नाही. मुलगा मोठा झाला, कमावता झाला, तरी त्यांचं एकच पालुपद, “चित्रं बघण्यात आयुष्य चाललंय.” त्यांनी त्यातला एक पत्ता कधी उचलून पाहिला नव्हता. टेबलावर माईक लागला की ते बाल्कनीत जाऊन बसायचे आणि दार लावून घ्यायचे.

मग काट्याला रक्ताचा आजार निघाला. डॉक्टरांनी आधी बरीच आशा दाखवली, नंतर थोडी, नंतर ते फक्त औषधांची नावं सांगायला लागले. ताई लॅब सांभाळून हॉस्पिटलात ये-जा करायची. बाबा मात्र सकाळी जायचे ते रात्री ताई येईपर्यंत हलायचे नाहीत. खाटेशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलेले. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आयुष्यभर बाहेर काढलेला माणूस, त्याला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. नर्सने उशी सरकवायला सांगितली तर ते अशा तत्परतेने उठायचे की बघवत नसे.

काट्याने शेवटचा सेट खाटेवरूनच पारखला. आवाज गेला होता, तेव्हा तो बोटांनी गुण दाखवायचा आणि ताई ते माईकवर सांगायची. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो गेला.

कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा ताई नुकती कामावर परतली होती. नव्या सेटमध्ये एका कार्डावर काट्याचं चित्र घालायचं त्यांच्या मनात होतं. घरच्यांची परवानगी हवी होती. ताईने बाबांना विचारलं.  बाबा म्हणाले, “फोटो कुठला देणार? तो दाढीवाला नको. त्यात आजारी दिसतो.”

त्यांनीच फोटो निवडला.

ताईला कार्ड पाहायला मिळालं ते एका दुपारी, लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत. तिने हात धुतले, तरी नखांत प्लास्टर राहिलंच होतं. मोबाइलवर चित्र उघडलं. धुक्यातलं एक उंच लोखंडी फाटक, आणि हातात कंदील घेऊन उभा तिचा भाऊ. मान किंचित तिरकी ठेवायची त्याची सवय चित्रकाराने अगदी बरोबर पकडली होती. ती चित्र मोठं करून बघत राहिली. बाजूला डबा खाणाऱ्या बाईने विचारलं, “काय झालं गं?” ताईने मोबाइल तिच्यापुढे धरला. ती बाई म्हणाली, “अगदी तोच.”

चित्र बघून झाल्यावर ताईने खालचा मजकूर वाचला. सवयच तशी. कार्डाचं नाव ‘फाटकावरचा पहारेकरी’.

या खेळात प्रत्येकाला आपल्या पाळीला थोडं बळ मिळतं आणि कुठलंही कार्ड पटावर मांडायला ते खर्चावं लागतं. पहारेकरी पटावर असेपर्यंत समोरच्याला प्रत्येक कार्डासाठी एक बळ जास्त मोजावं लागणार होतं. पहारेकरी मारला गेलाच, तर तो मालकाच्या हातात परत येणार होता. आणि तो स्वतः इतका स्वस्त होता की पहिल्या-दुसऱ्या पाळीतच मांडता येईल. एक मांडला की समोरचा अडखळेल. दोन मांडले की त्याचं बळ पुरणार नाही. तिसरा आला की समोरच्याने नुसतं बसून राहायचं.

तिने मजकूर पुन्हा वाचला. आपण काहीतरी चुकीचं वाचतोय अशी आशा होती, ती दुसऱ्या वाचनात गेली. डबा तसाच झाकून ठेवला. भावाला डोळे मिटून सांगता आलं असतं की हे कार्ड खेळाचा गळा घोटणार.

तिने कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो सेट त्यानेच आखला होता.

“छापून झालंय का?” तिने विचारलं.

“झालं. गोदामात पोचलं. का, चित्र नाही आवडलं?”

“चित्र छान आहे. कार्ड फार जड झालंय.”

 तो म्हणाला, “काट्याचं कार्ड लेचंपेचं करायला कुणाचा हात धजेना हो, ताई. सगळे म्हणाले, अजून थोडं चढवा.”

त्याला काय बोलणार. प्रेमानेच केलं होतं सगळं.

घरी बाबांनी चित्र मोठं छापून आणलं होतं. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून दोन प्रती, एक भिंतीसाठी आणि एक घडी करून खिशात ठेवायला. खिशातली शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवून झाली होती, दूधवाल्याला दाखवून झाली होती, आणि खाली लिफ्ट तपासायला आलेल्या पोराला तर काम थांबवून दाखवली होती.

“कसा आहे पत्ता?” त्यांनी ताईला विचारलं.

“जोरदार आहे, बाबा.”

“म्हणजे चांगला ना?”

“जोरदार आहे,” ती पुन्हा म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

‘पारख’ आता तिला एकटीलाच करायची होती. टेबल पुसलं, माईक ठेवला, समोरची खुर्ची सवयीने ओढली आणि पुन्हा आत सारली. बाबा या वेळी बाल्कनीत गेले नाहीत. दाराशी स्टूल घेऊन बसले. इतर कार्डं तिने भराभरा उरकली. पहारेकऱ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, “दहापैकी दहा. आणि हे कार्ड यायला नको होतं.” मग तिने शांतपणे सगळं समजावून सांगितलं. दोन मांडले की काय होईल, तीन मांडले की काय होईल, मारून उपयोग का नाही.

लोकांनी त्यातलं त्यांना हवं तेवढंच ऐकलं. कुणी लिहिलं, बहीण आहे, दहा देणारच. कुणी लिहिलं, ताई, भावना अनावर झाल्या, समजू शकतो. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, “यायला नको होतं, असं का म्हणालीस?” तिने खेळाची भाषा वापरून काहीतरी सांगितलं. त्यांना ती कळली नाही, आणि तिनेही सोपी करून सांगितली नाही.

सेट बाजारात आल्यानंतरच्या रविवारी बाबा म्हणाले, “मी पण येतो दुकानात.” कार्डांचं दुकान म्हणजे पुढे काचेची कपाटं आणि मागे लांब टेबलांची खोली. दर रविवारी दुपारी तिथे सामने व्हायचे. मालकाला सगळे मामा म्हणत. ताईने टाळायचा प्रयत्न केला, गर्दी असते, बसायला नीट जागा नसते. बाबांनी तोवर इस्त्रीचा शर्ट चढवला होता.

मामांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले, खुर्ची दिली, चहा मागवला. बाबा खुर्चीवर टिकले नाहीत. पाठीमागे हात बांधून ते टेबलांमधून फिरू लागले. आणि जिकडे पाहावं तिकडे त्यांचा मुलगा होता. या टेबलावर दोन, त्या टेबलावर तीन, कुणाच्या हातात पंख्यासारख्या धरलेल्या कार्डांतून डोकावणारा. बाबांचा चेहरा असा उजळला की ताईला वाटलं, आपणच खुळ्यासारखं घाबरत होतो.

मग कोपऱ्यातल्या टेबलावर एक बँकेतला गृहस्थ खेळत होता, त्याच्यापुढे समोरच्या मुलीने तिसरा पहारेकरी मांडला. गृहस्थाने हातातली सगळी कार्डं टेबलावर आपटली.

“आला पुन्हा हा हलकट. थोबाड बघायची इच्छा नाही याचं.”

“मी तरी काय करू,” मुलगी म्हणाली. “मला पण कंटाळा आलाय. पण हा नसला तर मी हरते.”

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हसत म्हणालं, “कंदील त्याच्याच डोक्यात घाला.” चार-पाच जण खळखळून हसले. त्यांच्या मागे उभा असलेला म्हातारा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मामांना ठाऊक होतं. ते गल्ल्यामागून धावत आले, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बाबा खुर्चीवर परत येऊन बसले. चहा पूर्ण प्यायले, मामांचा निरोप घेतला. घरी जाताना वाटेत ते नेहमीपेक्षा सावकाश चालत होते. जिन्यापाशी आल्यावर म्हणाले, “त्यांनी ओळखलं नसेल त्याला. म्हणून.”

“ओळखतात, बाबा. त्यातले बरेच जण त्याचं सगळं ऐकायचे.”

“मग?”

“मग काही नाही. पटावर मांडलं की माणूस नाही दिसत, कार्ड दिसतं.”

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेले. टेबल पुसलेलं होतं. “मला शिकव,” ते म्हणाले.

शिकवायला बराच वेळ गेला. बाबांचा हात यंत्रावर बसलेला, कार्डं त्यांच्या बोटांत मावेनात. नियम मात्र त्यांना पटकन कळले. बळ म्हणजे भार, कार्ड म्हणजे माणसं, भारापेक्षा जास्त माणसं आत घ्यायची नाहीत, असं त्यांनी आपल्या हिशेबाने बसवून घेतलं. एक डाव ते खरोखर बरे खेळले. मग म्हणाले, “आता त्याला घे. तुझ्याकडून घे.”

“राहू दे ना.”

“घे म्हणतो ना.”

ताईने पहारेकरी असलेला कार्डांचा दुसरा डेक काढला. पहिला पहारेकरी मांडला, थोड्या वेळाने दुसरा. बाबांनी एकदा त्याला मारलं, आणि तो तिच्या हातात परत येताना बघून ते क्षणभर हसलेसुद्धा. तिने तो पुन्हा मांडला. मग तिसरा मांडला. बाबांच्या हातात सात कार्डं होती, चांगली होती, आणि त्यातलं एकही त्यांना खाली ठेवता येत नव्हतं.

“आता?” बाबांनी विचारलं.

“आता पाळी माझ्याकडे.”

ती खेळली. पाळी त्यांच्याकडे आली. त्यांनी एक कार्ड उचललं, हातात खोचलं, बळ मोजलं. पुरत नव्हतं. पाळी परत तिच्याकडे गेली. असं बराच वेळ चाललं.

“म्हणजे मी आता नुसतं बघायचं.”

“हो.”

“उठलो तर?”

“उठलात तर हरलात.”

“आणि बसून राहिलो तर?”

“तरी हरणारच. जरा उशिरा.”

“मग लोक बसतात कशाला?”

“वाटतं कधीकधी, एखादं कार्ड निघेल.”

बाबांनी हातातली कार्डं उपडी ठेवली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते बसणं ताईने रोज रात्री वॉर्डच्या दारातून पाहिलं होतं.

“त्या खुर्चीत मी असाच बसलो होतो,” बाबा म्हणाले. “रोज वाटायचं, काहीतरी निघेल.” थोड्या वेळाने टेबलावरच्या तीन चेहऱ्यांकडे बघत म्हणाले, “त्याच्या चेहऱ्याखाली कुणी हे लिहिलं?”

 ताई रडत होती.

त्यानंतरच्या आठवड्यांत सामन्यांना येणारी माणसं रोडावली. कंपनीपर्यंत तक्रारी गेल्या असाव्यात, कारण त्या माणसाचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला होता. कार्डावर बंदी घालायची की नाही हे ठरत नव्हतं, कुणी पुढे व्हायला तयार नव्हतं. “तुम्ही नको म्हणालात, तर आम्ही थांबू,” तो म्हणाला. “तुम्हाला न विचारता नाही करणार.”

ताईला त्याचा राग आला. आपल्या डोक्यावरचं ओझं उचलून हा तिच्या डोक्यावर ठेवत होता. उद्या सांगते म्हणून तिने फोन ठेवला.

जेवताना तिने बाबांना सांगितलं. बंदी म्हणजे काय, हेही सांगितलं. कार्ड जवळ ठेवता येतं, पण सामन्यात मांडता येत नाही.

“तू काय म्हणणार आहेस?” बाबांनी विचारलं.

“घाला म्हणणार. तोही हेच म्हणाला असता.”

“तो काय म्हणाला असता ते त्याच्याबरोबर गेलं. त्याच्या आडून बोलू नकोस.”

ताईने घास खाली ठेवला. “बरं. मी म्हणते. घाला बंदी.”

बाबा खाली मान घालून जेवत राहिले. “मला कळतं गं,” ते म्हणाले. “डाव खेळलो ना मी. कळतं सगळं. पण तू म्हणायला नको होतंस. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं.”

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला सांगितलं. बंदी आली. त्या कंपनीच्या माणसाने जाहीर करताना चार चांगली वाक्यं काट्याविषयी लिहिली, आणि खाली लोकांनी सुटलो एकदाचे म्हणून आनंद केला.

बाबा तिच्याशी बोलायचे थांबले नाहीत. दूध आणलं का, गॅस संपला, किल्ली कुठे आहे, सगळं बोलायचे. पण तिच्याकडे न बघता. भिंतीवरचं मोठं चित्र त्यांनी आपल्या खोलीत नेलं. रविवारी मात्र ते एकटेच दुपारी बाहेर पडू लागले. ताईने विचारलं नाही. तिला वाटलं, बागेत जात असतील.

मामांनीच एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलं. दुकानाच्या दाराशी एक खोका ठेवलेला असे. नको असलेली कार्डं लोक त्यात टाकायचे, ज्याला हवी त्याने फुकट न्यावी. बंदीनंतर त्यात पहारेकऱ्यांचा खच पडला होता. “बाबा येतात,” मामा म्हणाले. “खाली बसतात आणि एकेक निवडून काढतात. मी म्हटलं, मी बाजूला काढून ठेवतो, तुम्ही कशाला वाकता. तर म्हणाले, नको, मला बघू दे.”

त्या संध्याकाळी ती बाबांच्या खोलीत गेली. ते पलंगावर बसले होते आणि त्यांच्यापुढे कार्डं पसरलेली. कुणाच्या कोपऱ्याला घडी पडलेली, कुणावर चहाचा डाग, एकावर कुणीतरी पेनाने मिशा काढलेल्या. बाबा ओल्या फडक्याने ती शाई पुसायचा प्रयत्न करत होते. शाई जात नव्हती.

“स्पिरिट लागेल त्याला,” ताई म्हणाली. “लॅबमधून आणते.”

बाबांनी मान हलवली. फडकं खाली ठेवलं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि दुमडलेल्या कोपऱ्यांची कार्डं उचलून बोटाने दाबून सरळ करू लागली. 

“आता दुकानात शिव्या देत नाहीत ना त्याला?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“काय म्हणतात?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिने बोलायला तोंड उघडलंही. पण बाबा बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे बघत होते.

“काही म्हणत नाहीत, बाबा,” ती म्हणाली. “आता कुणी त्याचं नावच घेत नाही.”

बाबांनी पुढचं कार्ड उचललं आणि पुसायला घेतलं.